न संपणाऱ्या संख्यांतील लहानमोठेपणा

आजचें भाषण ऐकतांना ज्यांना शक्य असेल त्यांनीं कागद व शिसपेन्सिल जवळ घेऊन बसावें. विषय शाळेंतील अंकगणिताचा आहे. परंतु शाळेचीं पुस्तकें तो ज्या ठिकाणीं सोडून देतात, नेमकी तेथूनच त्याची गोडी सुरू होते. कागदावर दोन दशांश अपूर्णांक मांडा. पहिल्यांत दशांशचिन्हापुढें चौतीस, पुन्हां चौतीस, पुन्हां चौतीस, असें अखंड चालूं द्या : ०.३४३४३४… दुसऱ्यांत तीनशें त्रेचाळीस, पुन्हां तीनशें त्रेचाळीस, असें चालूं द्या : ०.३४३३४३३४३… दोहोंपैकीं मोठा कोणता ? ज्या अंकांची आवृत्ति होते त्यांच्या डोक्यावर टिंब किंवा आडवी रेघ देण्याची छापखान्यांत चाल आहे. परंतु टिंब बोलून दाखवितां येत नाहीं, म्हणून मी अंकच पुनःपुन्हां उच्चारीत राहणार. ऐकणारांनीं एवढा त्रास सोसावा.

या प्रश्नाचीं तीन उत्तरें सहज सुचतात. तीनशें त्रेचाळीस हा आंकडा चौतिसाहून पुष्कळ मोठा, तेव्हां दुसरा अपूर्णांक मोठा, हें पहिलें. तीन दशांश स्थळांपर्यंत दोन्ही ०.३४३, मग व्यवहारापुरते ते सारखेच, हें दुसरें. आणि तिसरें असें कीं, दोन्ही अपूर्णांक कधीं संपतच नाहींत, तर त्यांची तुलना पुरी होणार तरी कशी ? पहिलें उत्तर चूक आहे. दुसरें म्हणजे प्रश्न टाळणें आहे. तिसऱ्याचा मात्र मान राखला पाहिजे. दोन दोऱ्यांपैकीं लांब कोणती हें ठरवावयाचें तर दोन्हींचीं टोंकें हातीं लागावीं लागतात. येथें टोंकच नाहीं.

हे न संपणारे अपूर्णांक येतात कोठून ? भागाकारांतून. एकाला सातांनीं भागूं लागा. दहांत सात एकदां, बाकी तीन; तिसांत चारदां, बाकी दोन; विसांत दोनदां, बाकी सहा; साठांत आठदां, बाकी चार; चाळिसांत पांचदां, बाकी पांच; पन्नासांत सातदां, बाकी एक. एक बाकी उरली कीं आपण जेथून निघालों तेथेंच परत आलों, आणि पुढें तेच अंक त्याच क्रमानें येत राहणार : ०.१४२८५७१४२८५७… सातांनीं भागतांना एक ते सहा यांखेरीज दुसरी बाकी असूंच शकत नाहीं. शून्य आली तर भागाकारच संपला. तेव्हां फार तर सहा पायऱ्यांनंतर कोणती तरी बाकी पुन्हां यावीच लागते. भाजक कितीही मोठा असो, हेंच घडतें. अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूप दिल्यावर छेदांत दोन व पांच यांवांचून दुसरा मूळ अवयव नसेल (आठ, वीस, पंचवीस, चाळीस हे छेद तसे आहेत) तर भागाकार संपतो. एरवीं प्रत्येक अपूर्णांकाच्या नशिबीं आवर्तन आहे.

घरच्या हिशेबांत याचा अनुभव मागच्या पिढीनें घेतलेला आहे. जुन्या रुपयाचे सोळा आणे आणि एकशें ब्याण्णव पै होत असत. त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे बरोबर पांच आणे चार पै. बाकी कांहीं नाहीं. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि तोच तिसरा हिस्सा ३३.३३३… पैसे झाला. तिघां भावंडांत रुपया वांटूं गेलें तर एक पैसा हातांत उरतोच. एक तृतीयांशाच्या अंगीं त्या दिवशीं कांहीं नवा दोष आला असें नव्हे. एकशें ब्याण्णवाला तीनांनीं भाग जातो आणि शंभराला जात नाहीं, इतकेंच. म्हणजे अखंडपणा हा त्या संख्येचा गुण नव्हे, दशमान पद्धतीनें तिला दिलेल्या नांवाचा आहे. ही गोष्ट ध्यानांत असूं द्या. तिचा पुढें उपयोग आहे.

आतां तुलनेची रीति. ती शब्दकोशाची आहे. कोशांत दोन शब्दांपैकीं आधीं कोणता हें ठरवितांना आपण शब्दांची लांबी पाहत नाहीं. पहिल्या अक्षरापासून चालूं लागतों, आणि अक्षरें जेथें प्रथम वेगळीं होतात तेथें थांबतों. दशांशांतही पूर्णांक सारखे असले तर डावीकडून एकेक स्थळ पाहत जावें. पहिला फरक पडेल तेथें ज्याचा अंक मोठा तो अपूर्णांक मोठा. आपल्या जोडींत पहिल्या स्थळीं दोहोंकडे ३, दुसऱ्या स्थळीं ४, तिसऱ्या स्थळीं पुन्हां ३. चौथ्या स्थळीं पहिल्यांत ४ आहे व दुसऱ्यांत ३ आहे. निकाल लागला : चौतीस-चौतीस असें चालणारा अपूर्णांक मोठा. ज्यांचा विश्वास बसत नसेल त्यांनीं व्यवहारी अपूर्णांकांकडे जावें. पहिल्याला शंभरानें गुणलें तर ३४.३४३४… येतें, त्यांतून मूळ संख्या वजा केली कीं शेपट्या कटून जातात आणि नव्याण्णव पट बरोबर चौतीस, म्हणजे संख्या ३४/९९ हें मिळतें. दुसरा याच युक्तीनें ३४३/९९९. तिरकस गुणाकार करा : चौतीस गुणिले नऊशें नव्याण्णव म्हणजे ३३,९६६, तीनशें त्रेचाळीस गुणिले नव्याण्णव म्हणजे ३३,९५७. नऊंचा फरक, आणि तो पहिल्याच्या बाजूनें.

पण ही कोशाची रीति खरी कां ? पुढें अनंत अंक शिल्लक आहेत. मागाहून येणाऱ्या मोठमोठ्या अंकांनीं पहिल्या फरकाचें पारडें फिरविलें तर? ही शंका रास्त आहे, आणि शाळेंत ती बहुधा कोणी विचारीत नाहीं. समजा, फरकाच्या स्थळीं एकीकडे ४ आहे आणि दुसरीकडे ३. तीनवाली संख्या पुढें जास्तींत जास्त काय करील ? प्रत्येक स्थळीं ९ घेईल. त्या साऱ्या नवांची बेरीज मिळून त्या स्थळाचा बरोबर एक भरतो, त्याहून कणभरही अधिक नाहीं. म्हणजे ती चारवालीला गांठूं शकेल, ओलांडूं शकणार नाहीं. आणि गांठण्यासाठीं देखील दोन अटी आहेत : फरक एकाचाच असला पाहिजे, आणि चारवालीनें पुढें सर्व शून्यें घेऊन स्वस्थ बसलें पाहिजे. रीतीला अपवाद आहे तो एवढाच. ०.२४९९९… व ०.२५ या एकाच संख्येच्या दोन लेखनपद्धति आहेत, ०.९९९… आणि १ यांचेंही तसेंच.

या अपवादापाशीं चांगले शिकलेले लोकही अडून बसतात. एकाच्या अगदीं निकट, परंतु एक नव्हे, असें त्यांचें ०.९९९… विषयीं मत असतें, आणि तें सोडवतांना मोठा प्रयास पडतो. मला वाटतें, याचें कारण असें कीं आपण त्या नवांकडे चालत्या माणसाप्रमाणें पाहतों. तो एकाच्या दिशेनें जात आहे, अजून पोंचला नाहीं, अशी कांहींशी कल्पना मनांत असते. संख्या चालत नसते. सगळे नऊ एकदमच तेथें आहेत. उशीर होतो तो आपल्या लिहिण्याला. आतां त्यांच्याच भूमिकेवर उभे राहून पाहूं. ०.९९९… ही एकाहून लहान असेल तर दोहोंच्या मध्यें त्यांची सरासरी तरी असलीच पाहिजे. ती लिहून दाखवा. एकाहून लहान म्हणून दशांशचिन्हामागें शून्य हवें, ०.९९९… हून मोठी म्हणून कोठेंतरी नवाहून मोठा अंक हवा. तसा अंक आपल्यापाशीं नाहीं. 'शेवटच्या स्थळीं' कांहींतरी जोडूं, असें कोणी म्हणतात. पण शेवटचें स्थळ नाहीं हेंच तर या संख्येचें वर्णन आहे.

हें युक्तिवादानें पटत नसेल तर बेरजेनें पटावें. एक सप्तमांश म्हणजे ०.१४२८५७…, सहा सप्तमांश म्हणजे ०.८५७१४२… एकाखालीं एक मांडून बेरीज करा. एक आणि आठ नऊ, चार आणि पांच नऊ, दोन आणि सात नऊ, आठ आणि एक नऊ. कोठेंही हातचा नाहीं, कोठेंही खंड नाहीं. बेरीज ०.९९९९९९… आली, आणि एक सप्तमांश व सहा सप्तमांश मिळून सात सप्तमांश, म्हणजे सबंध एक, होतात हें तर लहान मुलही सांगेल. सबंध एकाला दोन नांवें मिळालीं. मघां सांगितलें कीं अखंडपणा नांवाचा असतो, त्याचा उपयोग येथें झाला. एक गंमत मात्र सांगून ठेवतों. भागाकार करून नवांची अशी अखंड रांग कधींच हातीं येत नाहीं. ती यावयाची तर दर वेळीं भाजकाएवढी बाकी उरावी लागेल, आणि तेवढी बाकी उरली असती तर भाग आणखी एकदां गेला असता. म्हणून ज्याला केवळ भागाकारानें मिळालेल्या दशांशांची तुलना करावयाची आहे, त्याच्यापुरती कोशाची रीति निरपवाद आहे.

सप्तमांशांचा उल्लेख आलाच आहे, तर त्यांच्यापाशीं क्षणभर थांबूं; कारण येथें लहानमोठेपणाच्या ज्ञानानें भागाकाराचेंच काम होतें. १४२८५७ हे सहा अंक चढत्या क्रमानें लावा : १, २, ४, ५, ७, ८. एक सप्तमांशापासून सहा सप्तमांशांपर्यंतचे सहा अपूर्णांकही चढते आहेत. आतां तीन सप्तमांश काढावयाचे तर चढत्या रांगेंतला तिसरा अंक घ्या, तो ४. आणि मूळ चक्र चारापासून वाचा : ०.४२८५७१… पांच सप्तमांशांसाठीं पांचवा अंक ७; चक्र सातापासून वाचा : ०.७१४२८५… भागाकार करून ताळा पाहा. याचें इंगित साधें आहे. तीनांना सातांनीं भागूं लागलें तर बाक्या त्याच सहा येतात, फक्त गाडी मधल्या स्टेशनावर धरलेली असते. आणि सहाही प्रवास निरनिराळ्या अंकांनीं सुरू होत असल्यामुळें पहिला अंकच त्यांचा दर्जा ठरवितो. सतरा छेद घेतला तर चक्र सोळा अंकांचें होतें, ०५८८२३५२९४११७६४७. अंक दहाच असल्यामुळें येथें एका अंकावर निवाडा होत नाहीं, जोड्या पाहाव्या लागतात. सर्वांत लहान जोडी ०५, तिच्यानंतरची ११. म्हणून दोन सतरांश ०.११७६४७… पुढचे अपूर्णांक घरीं करून पाहण्यासारखे आहेत.

देवळाली येथील शाळाशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांना अशा चक्रांचा मोठा छंद होता. ज्या संख्यांना पुढें त्यांचें नांव मिळालें त्यांत ही १४२८५७ आहे : तिचा वर्ग २०४०८१२२४४९ होतो, आणि त्याचे २०४०८ व १२२४४९ असे दोन तुकडे करून बेरीज केली कीं पुन्हां १४२८५७ पुढें उभी राहते.

आतां मूळच्या तिसऱ्या उत्तराकडे वळलें पाहिजे. फरक चौथ्या स्थळीं सांपडला म्हणून आपण सुटलों. पण तो सांपडलाच नसता तर? शंभर स्थळें सारखीं आलीं तर एकशें एकाव्या स्थळाची वाट पाहावयाची काय ? दोन आवर्त दशांश अखेरपर्यंत सारखे आहेत हें कोणत्या स्थळीं निर्धास्तपणें म्हणतां येईल ? सरळ विचार केला तर दोन्ही चक्रें ज्या स्थळीं एकदम पुरीं होतात तेथपर्यंत पाहावें, म्हणजे त्यांच्या लांबींचा लसावि घ्यावा, असें वाटेल. दोन अंकांचें चक्र व तीन अंकांचें चक्र, तर सहा स्थळें. सप्तमांश व सतरांश, तर सहा व सोळा यांचा लसावि अठ्ठेचाळीस स्थळें. परंतु एवढें श्रम घेण्याचें कारण नाहीं. दोन्ही लांबींची बेरीज करा व तींतून त्यांचा मसावि वजा करा. तितकीं स्थळें जुळलीं कीं दोन्ही संख्या सर्वत्र जुळल्या. सहा आणि सोळा बावीस, त्यांतून दोन गेले, वीस. वीस स्थळें पुरे. ही मर्यादा फाइन व विल्फ या दोन अमेरिकन गणितज्ञांनीं १९६५ सालीं सिद्ध केली.

दोन व तीन लांबींच्या बाबतींत तिचा पडताळा येथेंच घेऊं. बेरीज पांच, मसावि एक, म्हणून चार स्थळें. पहिल्या संख्येचे अंक क, ख, क, ख. दुसरीचे ग, घ, च, आणि मग पुन्हां ग. चारही स्थळें जुळलीं असें धरा. पहिल्या स्थळावरून क म्हणजे ग. चौथ्यावरून ख म्हणजे ग. म्हणून क व ख एकच. दुसऱ्यावरून घ म्हणजे ख, तिसऱ्यावरून च म्हणजे क. सगळीं अक्षरें एकच झालीं ! म्हणजे दोन्ही संख्या एकाच अंकाच्या अखंड रांगा आहेत, आणि पुढें फरक पडण्यास जागाच उरली नाहीं. आपली चौतीस व तीनशें त्रेचाळिसांची जोडी तीन स्थळें जुळवून चौथ्याला फुटली. याहून अधिक काळ तिला तग धरतांच आला नसता. चक्र सुरू होण्यापूर्वीं कांहीं सुटे अंक असतील, जसा एक षष्ठांशांत (०.१६६६…) आरंभींचा एक आहे, तर असे सुटे अंक दोहोंकडचे संपल्यानंतर मोजणी धरावी.

व्यवहारांत निवाडा बहुधा मर्यादेच्या पुष्कळ अलीकडेच होतो. वर्तुळाच्या परिघाचें व्यासाशीं असलेलें प्रमाण घ्या, ज्याला पाय म्हणतात. तें ३.१४१५९२६५… असें चालतें, आणि त्यांत आवर्तन कधींच येणार नाहीं हें लाम्बर्टनें १७६१ सालीं सिद्ध केलें. शाळेंतील २२/७ म्हणजे ३.१४२८५७…, तिसऱ्या दशांश स्थळीं २ व १ असा फरक, म्हणून तो अधिक. आर्यभटाचें प्रमाण इसवी सन ४९९ चें, वीस हजारांस ६२,८३२, म्हणजे ३.१४१६, चौथ्या स्थळीं अधिक. पांचव्या शतकांतील चिनी गणिती त्सू छुंगझी यांचा ३५५/११३ हा अपूर्णांक ३.१४१५९२९२… असा आहे. त्याचें चक्र तब्बल एकशें बारा अंकांचें आहे, पण पायशीं तुलना सातव्या स्थळीं संपते : तेथें ९ आहे, पायमध्यें ६ आहे.

पण याच पायच्या आधारें एक अशी संख्या रचतां येते कीं, ती निश्चित आवर्त असूनही तिच्यापुढें आपली रीति अनेक वर्षें हतबल होऊन राहिली. डच गणिती ब्रौवर हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अशा प्रकारचीं उदाहरणें देत असत; त्यांच्या धर्तीवर एक उदाहरण सांगतों. ०.३३३३… लिहीत चला. मात्र पायच्या दशांशांत ०१२३४५६७८९ हा क्रम जर कोठें येत असेल, तर तो ज्या स्थळीं प्रथम सुरू होतो त्या एकाच स्थळीं तीनाऐवजीं चार लिहा; पुढें पुन्हां तीनच. क्रम येतच नसेल तर ही संख्या एक तृतीयांश झाली. येत असेल तर एक तृतीयांशाहून किंचित् मोठी. दोन्ही बाजूंनीं ती आवर्तच आहे, आणि चक्र एका तीनाचें, याहून लहान चक्र नाहीं. तरी ०.३३३… शीं तिची तुलना करूं गेलें तर किती स्थळें पाहावीं हें सांगतां येईना. कारण चक्रापूर्वींचे सुटे अंक किती हेंच ठाऊक नव्हतें. हजार स्थळें जुळलीं, लाख जुळलीं, तरी त्यावरून कांहींच निष्पन्न होत नव्हतें. ज्या संख्येचा दुसऱ्या संख्येशीं असलेला संबंध सांगण्याची पद्धतिच आपल्यापाशीं नाहीं, ती मोठी किंवा समान यांपैकीं एक 'आहेच' असें म्हणण्याचा आपल्याला अधिकार काय, असा ब्रौवर यांचा सवाल होता. बहुसंख्य गणितज्ञांना तो मान्य झाला नाहीं, तथापि त्याचें थेट उत्तर देणेंही सोपें नव्हतें.

ब्रौवर १९६६ सालीं वारले. १९९७ सालीं टोकियो विद्यापीठांतील यासुमासा कानादा व त्यांचे सहकारी यांनीं संगणकावर पायचे ५१ अब्जांहून अधिक अंक काढले, आणि त्यांत तो क्रम सांपडला. दशांशचिन्हानंतर १७ अब्ज ३८ कोटी ७५ लक्ष ९४ हजार ८८० व्या स्थळीं त्याचें शून्य आहे. आपल्या संख्येंत तेवढ्या एका स्थळीं तीनाऐवजीं चार बसतो, आणि म्हणून ती एक तृतीयांशाहून मोठी आहे.